एका डिशवॉशरच्या दोन तक्रारी : घोडबंदर रस्त्यावरचे एक प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीच्या पुढच्या एका वसाहतीत माझी मावसबहीण राहते. घरात ताई, भावोजी, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात अशी पाच माणसे आहेत. भांडी घासणाऱ्या मावशी काम सोडून गावी गेल्या तेव्हा, म्हणजे गेल्या ऑगस्टमध्ये, त्यांनी डिशवॉशर घेतले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला. "अरे, यातून भांडी निघतात ती मेली घाणेरडीच. तू जन्मभर पाणी तपासलेस ना, मग जरा येऊन बघ." ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात मी २६ वर्षे बॉयलरच्या पाण्याची तपासणी केली, तिचा हा संदर्भ होता. डिशवॉशर मी तोवर फक्त वापरला होता, उघडून कधी पाहिला नव्हता. त्यामुळे पुढील नोंद एका पाणीवाल्याची आहे, यंत्र दुरुस्त करणाऱ्याची नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

मी जाण्यापूर्वी घरचे हातावर हात ठेवून बसून राहिले होते असे मुळीच नाही. त्यांनी पावडर बदलून पाहिली, मग तीच पावडर दुप्पट घातली, मग सर्व काही एकत्र असलेल्या टॅबलेट आणल्या. साध्या प्रोग्रॅमऐवजी कढईसाठी असलेला ७० अंशांचा प्रोग्रॅम लावला. भावोजींनी फिल्टर दर रविवारी काढून ब्रशने घासायला सुरुवात केली. सून तर प्रत्येक ताट आणि वाटी नळाखाली विसळूनच यंत्रात ठेवू लागली. कंपनीचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला; त्याने तपासणीचा प्रोग्रॅम चालवला, पाणी आत येते, तापते, फिरते आणि बाहेर जाते हे दाखवले आणि यंत्रात दोष नाही असे लिहून दिले. त्याचे म्हणणे खरे होते, हे पुढे दिसेलच. ताईच्या मते मात्र यांतल्या एकाही उपायाचा "काडीचाही उपयोग झाला नाही", आणि मला सर्वांत आधी खटकले ते हेच, कारण इतके निरनिराळे सहा उपाय केल्यावर कशानेच काही फरक पडू नये हे पटण्यासारखे नव्हते.

म्हणून पहिल्या दिवशी यंत्राला हात न लावता मी फक्त धुतलेली भांडी पाहिली. "घाणेरडी" या एका शब्दाखाली ताई दोन गोष्टी सांगत होती. काचेच्या पेल्यांवर, स्टीलच्या ताटांवर आणि सुऱ्यांवर पांढुरका थर होता. बोटाने पुसला तर निघत नव्हता, ओला असताना दिसत नव्हता आणि वाळला की पुन्हा दिसत होता. काही वाट्यांमध्ये मात्र वरणाचे वाळलेले कण आणि मसाल्याची बारीक रेव चिकटलेली होती. नखाने खरवडली की ती लगेच सुटत होती. पहिला प्रकार रासायनिक दिसत होता आणि दुसरा यांत्रिक. मी दोन्हींसाठी कागदावर रॅकचे चौकोन आखले आणि दोन दिवस प्रत्येक धुण्यानंतर कोणत्या चौकोनात काय दिसले ते लिहून ठेवले. पांढरा थर वरच्या आणि खालच्या दोन्ही रॅकमध्ये सगळीकडे सारखाच होता. कण मात्र जवळजवळ सगळे वरच्या रॅकमध्ये होते आणि तेही कडेच्या वाट्यांत. रॅकच्या मध्यभागी ठेवलेल्या वाट्या बहुतेक स्वच्छ होत्या. दुसऱ्या दिवशीच्या धुण्यात कण असलेल्या १४ वाट्या निघाल्या आणि त्यांपैकी ११ कडेच्या रांगांमधल्या होत्या.

एकाच कारणाने हे दोन्ही नकाशे निघणे शक्य नव्हते, म्हणून दोन्ही तक्रारींचा तपास वेगवेगळा केला.

थराचे निदान स्वयंपाकघरातच झाले. एक धुरकट पेला उभा करून अर्ध्यापर्यंत पांढरे व्हिनेगर भरले आणि वीस मिनिटे तसाच ठेवला. ओतून विसळून वाळवल्यावर पेल्यावर सुरीने ओढल्यासारखी रेघ उमटली होती : रेघेच्या खाली काच लखलखीत होती आणि वर पूर्वीसारखीच धुरकट. आम्लात विरघळला तो थर क्षारांचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. ताईने लगेच आणखी सहा पेले पुढे केले. त्यांतले तीन तसेच साफ झाले, उरलेल्या तिघांवर काहीच परिणाम झाला नाही. त्या तिघांवर थर नव्हताच, काचेचा पृष्ठभागच झिजला होता. त्यांचे कारण वेगळे आहे आणि ते पुढे येईल.

क्षार म्हटल्यावर भावोजींनी कपाटातून टीडीएस मोजायचे पेन काढले आणि ६१० चा आकडा दाखवला. हा आकडा घरोघरी फिरतो, पण येथे त्याचा फारसा उपयोग नाही. टीडीएसमध्ये विरघळलेले सर्वच क्षार मोजले जातात. मिठातील सोडियमचा त्यात समावेश असतो आणि सोडियमचा असा थर बसत नाही. थर बसतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा, आणि त्यांच्या प्रमाणालाच काठिण्य म्हणतात. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटले आहे, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. माझ्याकडे जुन्या नोकरीतला थेंब मोजून काठिण्य काढायचा संच अजून आहे. पाण्याच्या नमुन्यात सूचक टाकला की रंग जांभळट लाल होतो, मग ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाचे द्रावण एकेक थेंब सोडत राहायचे आणि ज्या थेंबाला रंग स्वच्छ निळा होईल तेथे थांबायचे. माझ्या संचात एक थेंब म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम. तुलनेसाठी मी नेरूळच्या माझ्या घरच्या नळाचे पाणी बाटलीत नेले होते. नवी मुंबईला खालापूरकडच्या मोरबे धरणाचे पाणी येते आणि ते मऊ असते, त्यामुळे ते पाचव्या थेंबालाच निळे झाले. ताईच्या नळाच्या पाण्यात दहा थेंब पडले, वीस पडले, तिसाव्या थेंबानंतर नात मोठ्याने मोजू लागली आणि बेचाळिसाव्या थेंबाला रंग पालटला. काठिण्य लिटरला ४२० मिलिग्रॅम. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे हे पाणी प्यायला अपायकारक नव्हते, पण तापवून काचेवर मारायला अत्यंत वाईट होते. अशा पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट उष्णतेने फुटते आणि न विरघळणारा कार्बोनेट जेथे जागा मिळेल तेथे बसतो. सत्तर अंशांचा प्रोग्रॅम लावल्यावर थर वाढला होता तो यामुळेच.

आता प्रश्न असा की ऑगस्ट ते फेब्रुवारी हाच थर का नव्हता. ठाणे महापालिकेचे पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचे असते आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून आलेले असे पाणी सहसा मऊ असते. वसाहतीच्या जमिनीखालच्या टाकीत पालिकेचे पाणी सुरू असताना मी नमुना घेतला तर तो सातव्या थेंबाला निळा झाला. मग वॉचमनकडची टँकरची नोंदवही मागितली. घोडबंदर पट्ट्यातील वसाहतींना ही वही परकी नाही. होळीच्या आठवड्यापासून तीत रोज टँकरच्या नोंदी होत्या, मे महिन्यात तर दिवसाला आठ-नऊ, आणि हे पाणी बोअरचे, म्हणजे कठीण, होते. ताईला विचारले, पेले धुरकट कधीपासून होऊ लागले, ती म्हणाली, "होळीनंतर. पुरणपोळीच्या दिवशी पाहुणे होते, तेव्हा छान दिसत होते."

डिशवॉशरमध्ये याची सोय केलेली असते. तळाशी रेझिनचे मणी असलेली छोटी टाकी असते. त्यांतून पाणी जाताना कॅल्शियम मण्यांना चिकटतो आणि त्याच्या जागी सोडियम पाण्यात उतरतो. मणी भरले की मिठाच्या कप्प्यातील खारट पाणी त्यांच्यावर सोडून ते पुन्हा मोकळे केले जातात. हे किती वेळा करायचे ते यंत्राला आपणच सांगायचे असते. या यंत्रात शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत आणि पुस्तिकेतील कोष्टक काठिण्याच्या जर्मन अंशांत आहे. एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, तेव्हा ४२० म्हणजे साधारण २४ अंश, आणि त्यासाठी पायरी सहा. यंत्र शून्यावर होते. ऑगस्टमध्ये बसवणाऱ्या माणसाने कागदाची पट्टी पाण्यात बुडवून, तिचा रंग पाहून, त्या दिवसापुरते अगदी बरोबर असेच ठेवले होते.

या शून्याचा पुरावा घरात नऊ महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. मीठ संपल्याचा दिवा एकदाही लागला नव्हता. ताई शेजारणींना कौतुकाने सांगत असे, आमचे यंत्र मीठच खात नाही. शून्यावर मऊ करण्याची क्रिया बंदच असते आणि दिवाही बंद असतो, त्यामुळे कप्पा उघडला तेव्हा ऑगस्टचे मीठ जवळजवळ काठोकाठ, खाली घट्ट बसलेले सापडले. (हे मीठ भरड असते, घरातले बारीक आयोडीनयुक्त मीठ त्यात घालू नये.) टॅबलेटचाही खुलासा येथे झाला. त्यांत पाणी मऊ करणारे घटक असतात, पण पुस्तिकेनुसार ते २१ अंशांपर्यंतच पुरे पडतात; २४ अंशांवर थर कमी झाला होता पण गेला नव्हता. पूर्वीच्या पावडरींत फॉस्फेट असे आणि ते कॅल्शियमला धरून ठेवी, त्यामुळे अशा चुका झाकल्या जात. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या साबणातील फॉस्फरस एका धुण्याला ०.३ ग्रॅमवर आणला, आणि फॉस्फेटविरहित साबणाबरोबर पायरी चुकली की ती काचेवर दिसतेच.

दुसऱ्या तक्रारीकडे वळण्याआधी दोन शंका चटकन दूर केल्या. ताईचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. अशा घरांना पाण्याचा दाब कमी असतो, कारण गच्चीवरच्या टाकीपासून नळापर्यंत तीन-चार मीटरचाच उतार मिळतो, आणि दहा मीटर म्हणजे एक बार या हिशेबाने तो अर्धा बारसुद्धा भरत नाही. पुस्तिकेत मिनिटाला निदान १० लिटर पाणी हवे असे होते. यंत्राच्या नळीचा नळ सोडून १० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली. तेवढे पुरेसे होते. नळीच्या तोंडाच्या जाळीवर टँकरचा गाळ होता तो काढला. पाणी तापते याबद्दल शंका नव्हती, मध्येच दार उघडल्यावर ताट हातात धरवत नव्हते.

राहिले कडेच्या वाट्यांचे कोडे. वरच्या रॅकखाली फिरणारा स्प्रे आर्म असतो आणि त्याच्या छिद्रांतून पाणी वर उडते. टोकाची छिद्रे रॅकच्या कडेला पाणी पोहोचवतात, आणि तिरक्या मारलेल्या छिद्रांच्या जोरावरच हा आर्म फिरतो. मध्य स्वच्छ आणि कड अस्वच्छ म्हणजे टोके अडलेली असावीत. आर्म काढून कानाशी हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजला. वर्तमानपत्रावर आपटून, सुईने छिद्रे मोकळी करून जे बाहेर आले त्यात मोहरी होती, जिऱ्याचा तुकडा होता, कढीपत्त्याचा देठ होता आणि बरेच तीळ होते. दोन्ही टोकांची मिळून नऊ छिद्रे बंद होती. मोहरीचा दाणा त्यांत इतका नेमका बसला होता की मुद्दाम बसवावा. तीळ पाहून ताईच म्हणाली, "हे संक्रांतीचे. एरवी मी तीळ कुठे वापरते?" म्हणजे ही तक्रार जानेवारीपासूनची, थराच्या दोन महिने आधीची. तेव्हा ती कोणी तक्रार म्हणून मांडली नव्हती, कारण दोन-चार वाट्या पुन्हा विसळून घेणे हे कोणाला तक्रार वाटत नाही.

पण मोहरी आर्मपर्यंत गेली कशी? डिशवॉशर एका धुण्यात एकूण दहा-बारा लिटरच पाणी घेतो आणि प्रत्येक टप्प्यात तेच तीन-चार लिटर पाणी गाळून पुन्हा पुन्हा उडवतो. त्यामुळे गाळणीत फट राहिली तर खरकटे पाण्याबरोबर फिरत राहते. येथील फिल्टर तीन भागांचा होता : बारीक जाळीचे पत्र्याचे तबक, भरड गाळणी आणि मधला नळकांड्यासारखा भाग, जो खाली दाबून बाण जुळेपर्यंत फिरवावा लागतो. भावोजींना मी म्हटले, तुम्ही रविवारी बसवता तसाच बसवून दाखवा. त्यांनी तो घासून पुसून ठेवला, वरून थोपटला आणि दार लावायला निघाले. फिरवला नाही. मी बोटाने तबकाची कड उचलली तर ती दोन-तीन मिलिमीटर सहज वर आली. सुरुवातीचे चार-पाच महिने फिल्टरला कोणी हात लावला नव्हता, तोवर तो कारखान्यातून आला तसा घट्ट होता. नाताळच्या सुट्टीत भावोजींनी यूट्यूबवर पाहून पहिल्यांदा काढला, आणि तेव्हापासून जितकी सफाई तितकी मोहरी आत. त्यांना हे सांगताना मला अवघड गेले, कारण घरात सर्वांत मन लावून यंत्राकडे लक्ष देणारे तेच होते.

सुनेच्या विसळण्याचाही निकाल लावायचा होता. ती "ऑटो" प्रोग्रॅम लावत असे. या प्रोग्रॅममध्ये पहिल्या पाण्याचा गढूळपणा मोजून यंत्र पुढचा वेळ आणि तापमान ठरवते. पूर्ण विसळलेली भांडी घातली तेव्हा यंत्राने एक तास ३५ मिनिटे दाखवली आणि डब्यांच्या तळाला तेलाचा ओशटपणा राहिला. दुसऱ्या दिवशी तेवढीच भांडी फक्त खरकटे झटकून घातली तर वेळ दोन तास १० मिनिटांवर गेला आणि ओशटपणा राहिला नाही. साबणातील विकरांना पिष्ट आणि प्रथिने तोडायला वेळ आणि पन्नास-साठ अंशांची ऊब लागते. भांडी आधीच स्वच्छ दिसली की यंत्र दोन्हींत काटकसर करते. सून यावर फार खूश झाली, तिचा विसळण्याचा अर्धा तास वाचला म्हणून.

पाव्हणा येऊन काय करून गेला ते कळलेच नाही असे होऊ नये म्हणून सगळे एकदम दुरुस्त करण्याचा मोह मी टाळला. आधी फक्त स्प्रे आर्म साफ केला आणि फिल्टर फिरवून घट्ट केला. त्याच रात्रीच्या धुण्यात कडेच्या वाट्या स्वच्छ निघाल्या, पेले मात्र होते तसेच धुरकट. मग पायरी सहावर नेली, मीठ मोकळे करून भरले, टॅबलेट बंद करून साधी पावडर पुस्तिकेत दिली आहे तेवढीच घातली आणि रिन्स एडची, म्हणजे शेवटच्या पाण्यात मिसळून भांड्यांवर थेंब राहू न देणाऱ्या द्रवाची, मात्रा मधल्या खुणेवर ठेवली. पहिल्या दोन धुण्यांत फरक दिसला नाही आणि ताईचा चेहरा उतरला. रेझिनचे मणी तीन महिने कॅल्शियमने भरून बसले होते. त्यांच्यावर खारे पाणी फिरेपर्यंत पायरी बदलल्याचा गुण दिसणार नव्हता. जुना थर काढण्यासाठी रिकाम्या यंत्रात वाण्याकडचे लिंबूसत्त्व तीन मोठे चमचे घालून, साबणाशिवाय, एक गरम प्रोग्रॅम चालवला. चौथ्या धुण्याला व्हिनेगरने साफ केलेले पेले धुवून काढल्यावरही साफ राहिले. आठवड्याने मिठाचा दिवा आयुष्यात पहिल्यांदा लागला आणि नातीने तो सगळ्यांना बोलावून दाखवला.

घरच्यांनी केलेल्या सहा उपायांचा हिशेब आता मांडता येतो. टॅबलेटने थर घटला, पण वाट्यांतले कण राहिले. विसळण्याने कण घटले, पण थर राहिला. कढईच्या प्रोग्रॅमने वाळलेले वरण सुटले आणि थर वाढला. फिल्टरच्या सफाईने कण वाढले. पावडर बदलण्याने काहीच झाले नाही. प्रत्येक वेळी भांडी बाहेर काढून "घाणेरडी आहेत का?" एवढेच विचारले गेले आणि उत्तर प्रत्येक वेळी "आहेत" असेच आले. सहावा उपाय, म्हणजे दुप्पट पावडर, तेवढा नुकसानीचा ठरला. संक्रांतीनंतर वाट्यांतले कण पाहून ताईने ती वाढवली, तेव्हा नळाला पालिकेचे मऊ पाणी होते. मऊ पाणी, जास्तीचा अल्कधर्मी साबण आणि सत्तर अंशांची उष्णता या तिघांनी काचेचा पृष्ठभाग झिजतो, आणि व्हिनेगरला दाद न देणारे ते तीन पेले तेव्हाचे आहेत. ती झीज भरून येत नाही.

हळदीच्या डागांबद्दलही मला विचारण्यात आले. प्लास्टिकच्या डब्यात मुरलेली हळद डिशवॉशरने जात नाही, त्यात यंत्राची किंवा पाण्याची चूक नाही. डबा ओला करून दोन दिवस गॅलरीतल्या उन्हात ठेवला की रंग बराच उडतो. ॲल्युमिनियमची कढई काळी पडली होती तीही साबणातल्या अल्कलीने. ती यापुढे हातानेच घासायची ठरली.

जुलैच्या मध्यात मी संच घेऊन पुन्हा गेलो. टँकर बंद झाले होते आणि नळाचे पाणी आठव्या थेंबाला निळे झाले, म्हणजे साडेचार अंश. पायरी सहावर ठेवून नुकसान लगेच झाले नसते, पण मीठ आणि पाणी उगाच गेले असते आणि काच झिजण्याची भीती वाढली असती, म्हणून ती पुन्हा शून्यावर आणली. भावोजींनी बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे : "टँकर सुरू – ६. टँकर बंद – ०. फिल्टर फिरवला का?" टँकर सुरू झाला की वॉचमन त्यांना फोन करतो. ते तीन धुरकट पेले ताईने टाकले नाहीत. ती आता त्यांत सोलकढी देते, म्हणजे काच धुरकट आहे हे कोणाला दिसत नाही.